कापडाखालचे पाय

अख्ख्या लातुरात माझ्यासारखी चंपी करणारा दुसरा न्हावी न्हाई. हे मी डॉक्टरला छाती फुगवून सांगत व्हतो, तवा बायकोचा रिपोर्ट मी हातात उलटा धरलेला व्हता.

डॉक्टरनं तो घेऊन सुलटा केला. म्हणले, "मामा, बायोप्सीत कॅन्सर निघालाय." बायोप्सी म्हंजी गाठीचा बारका तुकडा काढून तपासत्यात. रिपोर्ट सुलटा करून बी चांगला झाला न्हाई.

गाठ कौसल्याच्या छातीत व्हती, हरभऱ्याएवढी. आंघोळ करताना तिच्या हाताला लागली. लई दिवस तिनं कुणालाच सांगितलं न्हाई. का, तर नवऱ्याला सांगितलं की त्यो गिऱ्हाइकाला सांगंल, अन गिऱ्हाईक गावाला. आता यात तिची काय चूक? माझ्या पोटात जेवण राहतं, बोलणं राहत न्हाई. पण बायांनो, नवरा माझ्यासारखा तोंडाळ असला तर सरळ डॉक्टरकडं जावा. गप मात्र बसू नका.

ऑपरेशन झालं. मंग केमोथेरपी. तिचा भाऊ नांदेडजवळ अर्धापूरला, म्हणून केमो नांदेडला घ्यायचं ठरलं. केमो म्हंजी सलाईनमधून कॅन्सर मारायचं औषध देत्यात. ते कॅन्सरला मारतं, अन जाता जाता चांगल्या जागी बी दणका देतं. कौसल्याचे केस गेले. मी एवढा न्हावी, पण कात्री लावायची वेळच आली न्हाई.

ती म्हणली, "बघा, तुमच्यापरीस औषधाचा हात साफ हाय."

मळमळ तिनं सोसली. मंग तळपायाची आग सुरू झाली. तापल्या तव्यावर उभं केल्यावानी. त्याला न्यूरोपॅथी म्हणत्यात, म्हंजी औषधानं नसा दुखावत्यात. तिची झोप गेली. भाऊ केळीचा फणा आणायचा, त्यातलं अर्धं केळं खायची अन पाय भिंतीला लावून बसायची.

निम्मे डोस झाले त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर ती म्हणली, "अवो, आता बास. पुढच्या डोसाला मी यायची न्हाई."

रडली न्हाई. भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं म्हणली. ती अशी म्हणली की फिरत न्हाई, हे मला ठाव हाय. मी उठून डॉक्टरकडं गेलो.

नांदेडचा ह्यो डॉक्टर तरणाबांड. माझ्याकडं बघून हसला. "मामा, लातूरला क्लासला होतो तेव्हा तुमच्या दुकानासमोरच राहायचो मी."

मला लई बरं वाटलं. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव गेलं, मी लातूरला येऊन एक खुर्ची टाकली. मंग गल्लीगल्लीत क्लास निघाले अन डॉक्टर व्हायला आलेली पोरं माझ्या खुर्चीत बसू लागली. म्हणलो, "म्हंजी तुमच्या डोक्याला माझा हात लागलाय!"

"लागलाय ना. आम्ही पोरं पैज लावायचो, अन हरलेल्याला तुमच्याकडं चंपीला पाठवायचो. मी हरलो होतो. आठवडाभर मान वळली नाही."

मंग त्यो गंभीर झाला. म्हणला, "अर्ध्यावर सोडलं तर आजार परत उलटायची भीती जास्त. आगीसाठी गोळी देतो, डोसात काय बदल करता येतो ते बघतो. अन शबाना सिस्टरकडून पाय दाबायचं शिकून घ्या. रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. त्यानं कॅन्सर बरा होत नाही, हे आधी डोक्यात घ्या. जिवाला जरा आराम पडतो, झोप लागायला मदत होते, एवढंच."

रिफ्लेक्सॉलॉजी म्हंजी तळपायाच्या ठरावीक जागा अंगठ्यानं हळूहळू दाबायच्या. सिस्टर म्हणली, "मामा, पहिले करके दिखाव." डॉक्टरनं बिचाऱ्यानं सोताचा बूट काढला. मी अंगठा लावला, अन डॉक्टर खुर्चीसकट मागं.

"या अल्ला! मामा, पाय हाय ह्यो, पाटा न्हाई," सिस्टर वरडली. "गालावर उस्तरा कसा ठेवताव?"

"हलका. न्हाई तर गिऱ्हाईक वर जाईल."

"बस. अंगठा तस्साच ठेवायचा."

जलमभर माझे दोन हात व्हते, एक चंपीचा, एक उस्तऱ्याचा. नेमका चुकीचा हात मी मिरवत व्हतो.

लातूरला घरी आलो, अन म्हणलो, "कौसे, पाय दे."

तिनं पाय लुगड्यात वढून घेतले. "येडे झालाव का? नवऱ्यानं पायाला हात लावायचा? ह्ये पाप कुठं फेडू मी?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टर येनार हाय का माझ्यासंगट वर?"

मी मंग शेवटचं काढलं. भूकंपात घर बसलं तवा मातीच्या बाहेर नुसते तिचे पाय दिसत व्हते. ते धरूनच मी तिला वढून काढलं व्हतं. म्हणलो, "तवा पाय धरले, ते पाप न्हाई लागलं?"

म्हणली, "तवा अंधार व्हता. देवाला दिसलं नसंल."

तसाच उठून दुकानात गेलो. गिऱ्हाइकाच्या गळ्याला गुंडाळायचं धुतलेलं कापड आणलं, तिच्या पायांवर पसरलं, अन त्याच्या खाली दोन्ही हात घातले.

"घे. अंधार केलाय."

तिनं कापडाकडं बघितलं. मंग हसली, लई दिवसांनी. पाय मात्र मागं घेतले न्हाईत.

कापडाखाली मला काय दिसत नव्हतं, म्हणून अंगठा आपोआप हळू चालला. टाचेपासून बोटांकडं, मंग पुन्हा टाचेला. मी तिला धीर द्यायला बोलत व्हतो. ती म्हणली, "गप बसा वो." गप बसलो. जरा येळानं बघतो तर तिचा डोळा लागलेला. उठावं म्हणलं तर माझ्याच पायाला मुंग्या, तसाच बसून राहिलो.

आग गेली असं मी सांगणार न्हाई. ती म्हणायची, "आग हाय तेवढीच हाय, पण तिच्याकडं ध्यान कमी जातंय." मी रोज कापड टाकायचो. डोसाच्या दिवशी काय करंल ह्याचा मला घोर व्हता. त्या सकाळी उठलो तर ती डोक्याला रुमाल बांधून, पिशवी घेऊन दारात उभी.

"चला, एसटी चुकंल. अन ते कापड घ्या."

दर डोसाला कापड संगट गेलं. वॉर्डातले बिलोलीचे एक आजोबा म्हणले, "माझं बी कर की रे." मी हात घालणार तेवढ्यात सिस्टरनं मनगट धरलं. त्यांचा एक पाय सुजलेला व्हता. आत रक्ताची गुठळी असली तर दाबल्यानं ती सरकती, जिवावर बेततं. म्हणून तुमच्या घरी कुणी असलं तर डॉक्टरला इचारल्याबिगर अंगठा लावू नका. पाय सुजला असला, जखम असली, प्लेटलेट्स कमी असले तर न्हाईच. प्लेटलेट्स म्हंजी रक्त थांबवणारे कण, ते कमी असले की नुसत्या दाबानं बी काळंनिळं पडतं. अन दाबणं हाय म्हणून औषध सोडू नका.

शेवटचा डोस झाला. डॉक्टर म्हणला, "आता तपासणीला येत राहायचं." सिस्टरच्या अन त्याच्या पाया पडावं वाटलं. पडलो न्हाई, कंबर धरली असती. त्याच्याऐवजी वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "बघा, निघाली का न्हाई बायको माझ्या हातानं सगळ्यातून?"

कौसल्या कापडाची घडी घालत व्हती. मान वर न करता म्हणली, "सुया मी टोचून घेतल्या, औषध डॉक्टरनं दिलं. तुमच्या हातानं नुसती झोप लागती. ती बी तुमी गप बसलाव तरच."