टॉवेलची मेंढी

समजा, तुमच्या मांडीत एक कोकरू आहे. नुकतंच चालायला लागलेलं, ऊबदार, सारखं अंग काढून घेणारं. त्याचे मागचे पाय गुडघ्याखाली दाबून धरायचे, डावा कान दोन बोटांत ताणायचा आणि खालच्या कडेला नखाएवढी खाच पाडायची. जास्त कापलं तर कान फाटतो, कमी कापलं तर मोठेपणी खाच ओळखू येत नाही. कोकराच्या डोळ्यांत मात्र बघायचं नाही, बघितलं की हात अडतो. मग तेलात कालवलेली हळद लावायची आणि सोडून द्यायचं. ते आईकडे धावत सुटतं. त्यानंतर ते कुठल्याही कळपात मिसळलं तरी कोणाचं आहे हे कोणाला विचारावं लागत नाही.

शिरड शहापूरच्या रामकिशनच्या घरी ही खाच आजोबांपासून डाव्याच कानाला, खालच्याच कडेला पडत आलेली. मेंढरांचं त्याला म्हणूनच बरं वाटायचं. कान धरला की खरं-खोटं कळलं. माणसाचा कान धरून काय कळणार?

माणसांवर त्याचा विश्वास तसा कमीच. रस्त्यात कोणी रामराम घातला तरी तो आधी मागं वळून बघायचा, की हा नक्की कोणाला घालून राहिला. आणि असा माणूस आयुष्यात एकदाच, कान न बघता, "बराबर" म्हणून गेला होता.

झालं असं. त्याचा थोरला पोरगा शिवहार आयटीआय करून दोन-तीन ठिकाणी फिरला आणि एके दिवशी फोनवर म्हणाला, "जहाजावर लागलो." मोठं, प्रवाशांचं, सहलीचं जहाज. आयटीआय केलेलं पोरगं जहाजावर लागलं म्हणजे इंजिनाजवळच असणार, असं कोणीतरी पारावर म्हणालं, आणि महिन्याभरात शिवहार अख्ख्या गावाचा जहाजावरचा इंजिनिअर झाला. नरसी नामदेव गावचे तातेराव आपल्या प्रियंकासाठी स्थळ बघत होते. ते येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरगा जहाजावर इंजिनिअर हाय म्हणतेत. बराबर ना, रामकिशनराव?"

"बराबर," रामकिशन म्हणाला.

पाहुणे गेले आणि तो बोअरजवळ जाऊन उभा राहिला. कारण मागच्या सुट्टीत बोअरची मोटार बंद पडली तेव्हा या इंजिनिअरनं तिच्याकडं नुसतं बघितलं होतं आणि मेकॅनिकला बोलवा म्हणाला होता. उलट घरातल्या सगळ्या गोधड्यांच्या घड्या मात्र त्यानं अशा काटेकोर घातल्या होत्या, की त्याच्या आईला, सुभद्राबाईला, त्या उलगडाव्याशा वाटेनात. हे रामकिशनला तेव्हा नुसतं दिसलं होतं. आता ते टोचायला लागलं. सुपारी फोडायची म्हणजे चार माणसांत शब्द पक्का करायचा. त्याच्या आत खरं कळायला हवं होतं.

त्यानं फोन लावला. "मला तुझं जहाज बघायचं."

"बा, समुद्रावर तुमाला तकलीफ होईल. उलट्या होतेत."

"होऊ दे."

"मला वेळ भेटत न्हाई दिवसा."

"आमी काय तुझ्याजवळ बसायला येऊन राहिलो? जहाज बघायला येऊन राहिलो."

शिवहार जितका नको म्हणाला तितका रामकिशन पुढं सरकला. शेवटी मायनं फोन घेतला, आणि मायपुढं पोराचं चाललं नाही. कंपनी कामावरच्या माणसांच्या घरच्यांना सवलतीत नेते, त्यात तिघांचं जमलं. मेंढरं शेजारच्या वसरामवर सोपवून रामकिशन, सुभद्राबाई आणि धाकटी अंजली मुंबईला निघाले. सुभद्राबाईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून घेतला. रामकिशननं घोंगडी घेतली.

बंदरावर उभं राहून सुभद्राबाईनं मान वर केली ती करतच राहिली. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ एकावर एक ठेवत गेलं तरी पुरलं नसतं.

"ही तर बिल्डिंग हाय. जहाज कुठंय?"

"माय, हेच जहाज."

"याला खिडक्या हायेत, पडदे हायेत. हे पाण्यात चालतंय व्हय? गप बस."

आत गेल्यावर शिवहार आला. पांढरा शर्ट, काळी पँट, भांग पाडलेला. पाया पडायला वाकला तेव्हा रामकिशननं त्याचे दोन्ही हात धरले आणि जरा जास्त वेळ धरून ठेवले. मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या नखांतलं काळं सणासुदीलाही निघत नाही, हे त्यानं शिरडच्या बाजारात कितीदा बघितलं होतं. ही नखं पांढरी होती. बोटांची टोकं कपडे धुणाऱ्या बाईसारखी सुरकुतलेली. आणि वास साबणाचा.

"माझं काम खाली मशिनीत असतंय," शिवहार म्हणाला. "तिथं पाहुण्यांना मनाई हाय. संध्याकाळी येत जाईन."

"एवढ्या साबणानं मशीन धुतोस का?"

शिवहार हसला आणि निघून गेला. अंजलीनं समुद्राकडं तोंड केलं.

त्या दिवसापासून रामकिशननं जहाजावर कशावरही विश्वास ठेवला नाही. जेवणाच्या दालनात लांबच लांब टेबलांवर इतके पदार्थ मांडलेले, की माणसं ताट घेऊन नुसती फिरत होती. कोणी कोणाला थांबवत नव्हतं. रामकिशननं बायकोला बाजूला घेतलं. "बोकड कापायच्या आधी त्याला असंच चारतेत."

"तुमाला कोण कापतंय, अवो? तुमच्यात हाय काय, हाडं?" सुभद्राबाई म्हणाली आणि गुलाबजाम घेऊन आली.

दुपारी भोंगा वाजला. सगळ्यांना एका जागी उभं करून बुडताना घालायचं जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. रामकिशननं ते नीट बघितलं, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि पोरीला विचारलं, "बुडणार न्हाई म्हणतेत ना?"

"न्हाई, बा."

"मग बुडायची तालीम काहून?"

पलंग मऊ होता, म्हणून त्याच्यावरही त्याचा विश्वास बसला नाही. तो खाली घोंगडी टाकून झोपला. पहिल्याच संध्याकाळी जेवून आले तर पलंगावर टॉवेलचा हंस बसलेला. अंजलीनं फोटो काढले. सुभद्राबाई कमरेवर हात देऊन उभी. "आता याच्यानं अंग पुसायचं? पाप लागंल." रामकिशनला हंसाचं काही नव्हतं. कुलूप आपल्या कार्डानं उघडतं, कार्ड आपल्या खिशात, तर मग खोलीत आलं कोण?

खोली आवरायला फुलसिंग नावाचा डोंगराकडचा पोरगा यायचा, हे दुसऱ्या दिवशी कळलं. हसरा होता. रामकिशननं तेही लक्षात ठेवलं.

त्याच दिवशी नाश्ता करून खोलीत परतले तर खालची घोंगडी घडी करून खुर्चीवर ठेवलेली. रामकिशननं ती उचलली आणि तसाच उभा राहिला. घोंगडीच्या दोन्ही टोकांना लोकरीचे धागे मोकळे सोडलेले असतात, त्यांना दशा म्हणतात. त्या दशा घडीत आत घेतल्या होत्या. शिरडच्या माळावर बसणारा माणूस घोंगडी अशीच घडी करतो, कारण बाहेर राहिल्या तर दशांना गवताची कुसळं चिकटतात आणि मग ती रात्रभर टोचतात. पण समुद्रात कुठली कुसळं?

त्यानं दारातच फुलसिंगला गाठलं. "ये घोंगडी किसने घडी की?"

"मैंने, अंकल."

"तो दशा अंदर कायकू लिया?"

"दशा?" फुलसिंग म्हणाला. "वो क्या होता है?"

रामकिशन आत आला. "अंजे, तुला काय ठाऊक हाय?"

"काय न्हाई, बा." उत्तर फार लवकर आलं. प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच.

पुढच्या संध्याकाळी सुभद्राबाईला नाचगाण्याचा कार्यक्रम बघायचा होता. अंजली तिला घेऊन गेली. रामकिशन एकटाच खोलीत आला आणि दिवा लावला.

पलंगावर मेंढी बसली होती. पांढऱ्या टॉवेलची, पुढचे दोन्ही पाय पोटाखाली मुडपून, मान जराशी खाली घालून, रवंथ करताना बसते तशी. त्यानं चप्पल काढली, जवळ गेला, वाकला. उजवा कान सरळ होता. डाव्या कानाची खालची कड आत मुडपलेली होती. नखाएवढीच.

त्या पलंगावर तो पहिल्यांदा बसला. मेंढी मोडेल म्हणून कडेलाच बसला.

शिवहार नेहमीप्रमाणे आला. रामकिशननं त्याला बस म्हटलं नाही.

"मशीन कशी हाय?"

"चांगली चालून राहिली, बा."

"आज काय बिघडलं व्हतं?"

"काय न्हाई. तेल-पाणी बघितलं."

रामकिशननं टॉवेलकडं बोट केलं. "ही कोणाची मेंढी?"

"आपली," शिवहार म्हणाला.

माळावर दोन कळप एकत्र झाले की हाच प्रश्न येतो आणि हेच उत्तर द्यायचं असतं. पोरगं चालायला लागलं तेव्हापासून देत आलं होतं. शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा त्याला कळलं, आणि तो खुर्ची ओढून बसला.

"खोल्या आवरतो," तो म्हणाला. "पलीकडच्या बाजूच्या. तुमची फुलसिंगकडं हाय. मीच त्याला म्हणलो, माझ्या घरचे हायेत, मधून-मधून मी बघतो."

"अन् इंजिनिअर?"

"मी कदी म्हणलोच न्हाई, बा. जहाजावर लागलो एवढंच म्हणलो. पुढचं गावानं लावलं."

"तू ऐकून घेतलं."

"सुट्टीत पारावर लोक इंजिनिअर म्हणत होते. तुमच्या तोंडावर असं... मला मोडवंना." त्यानं मान खाली घातली. "खोल्या आवरणं लई हलकं वाटतंय का तुमाला?"

"मी रोज लेंड्या आवरतो, येड्या. मला काय हलकं वाटणार?" रामकिशनचा आवाज चढला. "पण मी त्या तातेरावाला बराबर म्हणलो. जलमात एकदा कान न बघता बराबर म्हणलो, ते तुझ्यापायी."

शिवहार उठला. जाताना दारात थांबला तेव्हा रामकिशननं विचारलं, "ती कानाची खाच. मुद्दाम पाडली का?"

"झाली तशी," तो म्हणाला आणि त्याला बोलावणं आलं, म्हणून गेला.

परतीच्या सकाळी किनारा दिसायला लागला तसे सगळ्यांचे फोन एकदम जागे झाले. रामकिशनच्या हातातला फोन वाजला. तातेराव. शिवहार सामान घ्यायला आला होता. नाव बघून त्याचा चेहरा उतरला. "बा, आत्ता नको. मी सुट्टीवर आल्यावर स्वतः जाऊन सांगतो."

"तवर मी काय म्हणू? बराबर?" रामकिशननं फोन कानाला लावला.

"काय, रामकिशनराव! भेटलं का जहाज बघायला? जावई कसा हाय आमचा इंजिनिअर?"

"इंजिनिअर न्हाई, तातेराव. जहाजावर पाहुण्यांच्या खोल्या आवरतो. गाद्या घालतो, टॉवेलच्या मेंढ्या करतो. काम बराबर करतो, ते मी बघितलं. पण तुमाला मी न बघता सांगितलं व्हतं, ती चूक माझी."

 मग तातेराव हळूच म्हणाले, "पोरीला इचारतो," आणि फोन बंद झाला.

शिवहार बॅग हातात धरून तसाच उभा होता. "बा, मोडलं आता."

"मोडलं तर मोडलं," सुभद्राबाई म्हणाली. तिला सगळं त्याच सकाळी कळलं होतं आणि ती आधी पोरावर, मग नवऱ्यावर आणि शेवटी, आधीपासून ठाऊक असून न सांगणाऱ्या अंजलीवर चिडली होती. "पण ती मेंढी मी पिशवीत घेतली. कोणाचा टॉवेल असू दे."

"माय, टॉवेल न्यायचा नसतो," शिवहार म्हणाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसला. टॉवेल काढून घेतला. उलगडला, तशी मेंढी गेली.

गावी आल्यावर पारावर काय बोलायचं ते बोलून झालं. नरसीहून आठवडाभर काही आलं नाही. मग निरोप आला: पोरगा सुट्टीवर आला की एकदा येऊ द्या, प्रियंकाला त्यालाच काही विचारायचंय. काय विचारायचंय ते निरोपात नव्हतं. यातही काहीतरी असणार, असं रामकिशनला वाटतंच आहे. सुभद्राबाईनं मात्र घर सारवायला काढलं आहे.

या हंगामातली कोकरं आता कानाला खाच पाडायच्या वयाला आलीत. रामकिशन एकेकाला मांडीत घेतो, कान ताणतो, डोळ्यांत न बघता खाच पाडतो आणि हळद लावतो. हात आपोआप चालतो, त्याला विचार करावा लागत नाही. आणि म्हणूनच त्याला एक कोडं सुटत नाही. रोज फोनवर पोराशी बोलताना तोंडाशी येतं आणि तो वसरामच्या बकरीचं काहीतरी सांगत बसतो. टॉवेलच्या त्या कानाला खाच शिवहारच्या हातानं अशीच, त्याला न विचारता पाडली, की बापानं येऊन बघावं आणि ओळखावं म्हणून त्यानं ती पाडली?