दोरीवरच्या तीन गाठी

बाबा गेले त्या वैशाखानंतरच्या पावसात आमचा कुत्रा रोज सकाळी होडीपाशी जाऊन बसू लागला. देवबागेत पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झावळांनी झाकून ठेवतात. आमचीही तशीच होती. झावळांखाली एका कुत्र्यापुरती कोरडी जागा होती. तो मात्र बाहेर बसे, समुद्राकडे तोंड करून.

शेजारपाजारचे येऊन बघून जात. "मुक्या जनावराक कसा कळता बघ," असं म्हणत आणि मग माझ्याकडे बघत. मी तेव्हा तालुक्याच्या गावी वाचनालयात नोकरीला होतो. बाबांच्या बाराव्यानंतर लगेच कामावर गेलो होतो, आणि मी रडलो नव्हतो. तसं कोणी बोललं नाही, पण माझ्यासमोर कुत्र्याचं कौतुक जरा मोठ्याने होई.

खरं तर त्याचा हेवा मला बाबा होते तेव्हापासूनच होता. लहानपणी मला होडी लागायची. तीनचार वेळा ओकून झाल्यावर बाबांनी मला शाळेवर सोडून दिलं. पुढे हे पिल्लू घरी आलं आणि होडीच्या पुढच्या टोकावरची माझी जागा त्याला मिळाली. मला बाबा हजेरीपटावरच्या पूर्ण नावाने हाक मारत. त्याला म्हणत, "पुता."

आषाढात त्याच्या पाठीवरचे केस झडू लागले. मग खोकला सुरू झाला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "वय झालंय त्याचं. अंग असंच ओलं राहिलं तर हा पाऊस काढणार नाही. बांधून ठेवा, नाहीतर अंगावर काहीतरी घाला."

बांधला तर तो भाताला तोंड लावत नसे. म्हणजे कोटच शिवायला हवा होता.

"तेची मापा आसत," आई म्हणाली. जाळी विणायच्या सुया ज्या खिळ्याला टांगलेल्या असत, तिथून तिने एक दोरी काढून दिली. बाबांनी टेप कधी वापरली नाही. कसलंही माप ते दोरीला गाठ मारून ठेवत. या दोरीला तीन गाठी होत्या. टोकापासून पहिलीपर्यंत मान, दुसरीपर्यंत छाती, तिसरीपर्यंत पाठ. "थंडीतच शिवूक घालतले होते," आई म्हणाली. "ता रवला."

मी गाठी एकेक करून चाचपल्या. दर गणेशचतुर्थीला बाबा बाजारातून माझ्यासाठी शर्ट आणत, अंदाजाने. तो नेहमी सैल असे. आईने कुरकुर केली की म्हणत, "वाढतलो तो." शेवटचा शर्ट आणला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तरी वाढतच होतो. आणि या कुत्र्यासाठी ते गुडघ्यांवर बसून तीन मापं घेऊन मोकळे झाले होते.

बाजारातला शिंपी ताडपत्र्या आणि मांडवाची कापडं शिवायचा. मला बघून म्हणाला, "तुझ्या लग्नाचो कोट शिवूची वाट बघतंय मी, आणि तू कुत्र्याचो घेऊन इलंस? कुत्रो खंय?"

"मापं आहेत," मी म्हटलं आणि दोरी पुढे केली.

"बापाशीची गाठ मा? मग झाला."

आमच्याकडे दोरीवर कोणी शंका घेत नाही. सगळी जाळी तशीच विणली जातात. मीही घेतली नाही.

निळ्या ताडपत्रीचा, आतून जुन्या लुंगीचं अस्तर लावलेला कोट हातात तरी सुरेख दिसत होता. कुत्र्याच्या अंगावर चढवला तर तो पोटाखाली झोळीसारखा लोंबला. तो चार पावलं गेला, पुढचा पाय कोटाच्या गळ्यात अडकला आणि नाकावर आपटला. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. बाबांना त्याचंही माप कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून शिंप्याकडे नेलं. त्याने कोटाखाली हात घालून चाचपलं.

"दोरी चुकूची नाय," तो म्हणाला. "कुत्रो आटलो."

मग दोरी माझ्याच हातात दिली. "तू घे माप. माका चावात. उभो करून घे, बसवून नको. पुढच्या पायांच्या मागसून फिरव, दोन बोटां आत जाऊक व्हयी. आणि पोटाकडे आखूड ठेवूया, नाय तर मुतताना कोटच भिजवीत."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ओल्या केसांना अजून जाळ्यांचा वास होता. बरगड्या एकेक लागत होत्या. तो हलला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. छातीची नवी गाठ जुन्या गाठीच्या चार बोटं आत पडली.

चार बोटं. गेल्या चतुर्थीचा शर्ट त्या दिवशी माझ्या अंगात होता. तो आणला तेव्हा होता तेवढाच सैल होता, तसूभरही जास्त नाही. दुःखातही हा माझ्या पुढे गेला होता, आणि त्याचा पुरावा मीच गाठ मारून ठेवत होतो.

नवा कोट नीट बसला. घरी पोचल्यावर कुत्रा रिक्षातून उतरला आणि मागे न बघता होडीकडे गेला. शेजारीण कुंपणापाशी आली आणि बाबांबद्दल आईला म्हणाली, "बघ गो, जातानाय तेचा माप घेऊन गेलो."

"हे माप माझं आहे," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघून मान हलवून हसली, लहान मुलाला हसतात तशी.

तो पाऊस त्याने काढला. पुढचा अर्धाही काढला. जुन्या गाठी मी सोडल्या नाहीत; नव्यांसकट ती दोरी पुन्हा खिळ्याला टांगली.

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे चतुर्थीला नवे कपडे नव्हते. वर्ष सरल्यावरच्या चतुर्थीला मी त्याच शिंप्याकडे गेलो आणि माप देऊन शर्ट शिवून घेतला. खांद्यात, छातीत, बाह्यांत, कुठेही सैल नव्हता.

मी तो फारसा घातला नाही.