कॉम्प्लेक्समध्ये सोडलेलं पथ्य

परभणीत बसस्टँडच्या बाजूला पहिलं शॉपिंग कॉम्प्लेक्स उघडलं तेव्हा आमच्या शाळेतल्या बायकांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नाही. तीन मजले, समोरून सगळी काच, आणि वरच्या मजल्यावर नुसतं खाणं. एकीकडे डोसेवाला, त्याला लागून पावभाजी, मग ज्यूस आणि फालुद्याचं दुकान, टोकाला बेकरी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही एरवी थट्टेनं म्हणायचो. ते तेव्हा थोडं खरंच वाटायला लागलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद पुकारला जाईल याचा नेम नसायचा, म्हणून मालकानं काचेच्या बाहेरून लोखंडी शटर बसवून घेतलं होतं आणि ते कायम अर्धं ओढलेलं असायचं. त्या शटरखालून वाकून मी माझ्या मायला लागोपाठ नऊ दिवस वर खायला नेलं. त्या नऊ दिवसांबद्दल मी आजवर कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही.

माय बोरीला राहायची, माझ्या भावाजवळ. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत भाऊ बघायचा, पण कोणत्या तुकड्यात काय पेरायचं हे मायच सांगायची. तिला पोटाचं दुखणं लागलं तसं गावातल्या वैद्यांनी पथ्य लावून दिलं. तूरडाळ बंद, चिंच बंद, वांगं बंद, लाल तिखट आणि तेल बंद. दूध-भाकरी आणि मुगाचं पिवळं वरण, एवढंच राहिलं.

आमच्याकडे पथ्य ही साधी गोष्ट नव्हती. वैद्यानं धरायला लावायचं आणि वैद्यानंच सोडायला सांगायचं. सोडायच्या दिवशी त्याला नारळ द्यायचा, आणि इतके दिवस जे वर्ज्य होतं त्याचा पहिला घास आपल्या माणसाच्या हातून घ्यायचा. दुखणं असताना कुणीही ‘आता काहीही खा’ म्हणत नसे. ‘खा’ म्हटलं म्हणजे माणूस बरा झाला, यात कुणाला शंका यायची नाही.

मायनं दीड वर्ष पथ्य पाळलं, आणि तेही मिरवत पाळलं. चुलतभावाच्या लग्नात सगळी पंगत वांग्याच्या भाजीवर ताव मारत होती आणि ही फडक्यातली भाकरी दुधात कुस्करत बसली होती. कुणी आग्रह केला की म्हणायची, “मला मोडायला लावू नका. माझं पथ्य म्हंजी पथ्य.” मला तिचा राग यायचा. इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तो हट्ट माझ्यातही उतरलाय असं आमचे हे म्हणतात.

दुखणं काही हटेना, म्हणून मी तिला परभणीला माझ्याकडे आणलं. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या करायला नांदेडला पाठवलं. कागद आले त्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद वाचले, मायचं पोट दाबून पाहिलं आणि हात धुवायला गेले. हात धुवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. मग म्हणाले, “मावशी, आता पथ्य-बिथ्य काही नाही. मनाला येईल ते खा.” तिला बाहेर बाकावर बसायला सांगून त्यांनी मला थांबवून घेतलं. गाठ होती, पसरली होती, ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. फार तर तीन-चार महिने, म्हणाले.

मी बाहेर आले तर माय बसलेली नव्हतीच. पदर सावरून उभी होती, आणि बाकावरच्या दोन अनोळखी बायांना तिनं सांगूनही टाकलं होतं. त्यातल्या एकीनं तिचा हात हातात घेतला होता.

“सुटले गं लेकी, सुटले मी,” माय म्हणाली. “डॉक्टर सोता म्हनले, काय बी खा!”

मी मास्तरीण. साठ पोरांच्या वर्गात माझी जीभ कधी अडखळली नाही. तिथं अडखळली. त्या बाईनं माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, “देवानं पाह्यलं बाई तुमच्याकडं.” मी मान हलवली. खोटं बोलायला सुरुवात अशी झाली, एक शब्दही न बोलता.

रिक्षात बसल्या बसल्या तिनं ठरवून टाकलं. पथ्य माझ्या हातून सोडायचं, आणि तेही त्या काचेच्या इमारतीत. येताना तिनं ती पाहून ठेवली होती. “दीड वर्स दूध-भाकर गिळली. आता घरातलं काहून? खाईन तं तुपाशी!” ती हसत होती. मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

वर गेल्यावर आम्ही पहिल्यांदा डोसेवाल्याकडे बसलो. डोसा आला तो ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. मायनं त्याला बोट लावून पाहिलं आणि बाजूच्या वाटीकडे वळली. वेटर चांगला पोक्त, पोट सुटलेला माणूस होता. तिनं त्याला विचारलं, “याच्यात काय काय घातलंय, बापू?”

“सांबार हाय मावशी. तूरडाळ, चिंच, वांगं, शेंगा, तिखट...”

मायनं बोटांवर मोजत ऐकलं आणि माझ्याकडे वळली. “बघ, बघ! वैदबुवानं जे जे बंद केलतं ते समदं एकाच वाटीत!”

मी चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला. तिनं आधी डोळे मिटून हात जोडले, मग तोंड उघडलं. घास गिळला. डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं पुसून म्हणाली, “तिखट हाय.” वेटरनं वाटी पुन्हा भरली. सांबार पाहिजे तेवढं मिळतं म्हटल्यावर ती म्हणाली, “मग हे धिरडं काहून घ्यायचं?” वेटर इतका हसला की आतून मालक बघायला आला. माझा डोसा ताटात तसाच पडून होता. माय म्हणाली, “तुला आवडंना का? दे इकडं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायच चपला घालून दारात उभी. मग तो नेमच झाला. शाळा सुटली की मी यायची, आणि आम्ही दोघी कॉम्प्लेक्समध्ये जायचो. तिनं एक-एक दुकान धरून चाखायचं ठरवलं होतं, बाजारात बी-बियाणं बघत जावं तसं, काही न सोडता.

पावभाजीवाल्याकडे अडचण आली. भाजी तिला पसंत पडली, पण पाव ती हातात धरेना. आमच्या खेड्यांत पाव कुणी हौसेनं खात नसे. पाव-दूध द्यायचं ते तापानं फणफणलेल्या माणसाला, नाहीतर दवाखान्यात पडलेल्याला. माय म्हणाली, “पाव आजाऱ्यानं खावा. मी काय आता आजारी हाय का?” आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी ते पाव गुपचूप खाल्ले. दुसऱ्या दिवशी तिनं घरून भाकरी बांधून आणली आणि भाजीशी लावून खाल्ली. पावभाजीवाल्यानं चतकोर भाकरी मागितली, तर तिनं त्याला अर्धी दिली.

फालुद्यातल्या शेवया बघून तिला फालुदेवाल्याची कीव आली. “शेवया अशा गारठून ठिवत्यात व्हय? यांच्याकडं चूल न्हाई का?” पण ग्लास तिनं तळापर्यंत संपवला. त्या दिवसांत ती इतकी बोलायची, इतकी चिडवायची, की मलाच क्षणभर वाटून जायचं, डॉक्टरांचंच चुकलं असेल.

घरी आमचे हे एकदाच बोलले. “त्यांना सांगायला पाहिजे.” मी फणकारले, “तुमची आई असती तर सांगितलं असतं का?” ते उठून बाहेर गेले. खरं तर ते सांगतीलही अशी मला भीती होती, म्हणूनच मी तसं तोडून बोलले. भावाला मी चिठ्ठी लिहून सगळं कळवलं होतं. त्याचा उलट निरोप आला, “माय खुशीत हाय तं ऱ्हाऊ दे.” मला तेच हवं होतं.

नवव्या दिवशी तिनं सांबाराचे दोनच चमचे घेतले आणि वाटी बाजूला केली. जिन्यात थांबून तिनं कठडा धरला. “लय खाल्लं या नऊ दिसांत,” म्हणाली, “पोटानं बी किती वढावं.” दुसऱ्या दिवशी ती बोरीला गेली. जाताना वैद्यांसाठी पेढे घेतले, नारळ घेतला. वैद्यांनी नारळ ठेवून घेतला. पेढा खाल्ला. नाडी मात्र पाहिली नाही, असं भावानं नंतर सांगितलं.

दीड महिन्यानं मला बोलावणं आलं. माय खाटेवर होती आणि हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. उशाला दुधाचं भांडं होतं, त्यात कुस्करलेली भाकरी. भावाला विचारलं तर तो म्हणाला, “तिनंच धरलंय पुन्हा. समदं बंद. तुझ्या वैनीनं मीठ जास्त घातलं तरी वरडती.”

मी तिच्याजवळ बसले. ती हळूच म्हणाली, जणू चोरी सांगावी तसं, “त्या काचंच्या हाटेलानं नडलं बघ मला. दीड वर्साचं पथ्य मी नऊ दिसांत बुडवलं. डॉक्टर म्हनले खा, पर त्यांनी सुमार सोडून खा म्हनलं न्हवतं. चांगली झालते गं मी. हावऱ्यासारखं खाल्लं अन् पुन्हा वढवून घेतलं.”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. ती बरी झालीय असं तिला वाटू द्यायचं, एवढंच मी पाहिलं होतं. बरी झालेली माणसं पुन्हा पडली की कुणाला तरी दोष देणार, आणि माय दोष द्यायला स्वतःपेक्षा लांब जाणार नाही, हे मला कळायला हवं होतं.

“माय, खाण्यानं नाही झालं काही,” मी म्हणाले.

“तुला दोष न्हाई देत मी. तू लेकीच्या मायेनं नेलंस. तोंड माझं वंगाळ.”

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. डॉक्टरांनी ‘खा’ का म्हटलं ते सांगितलं असतं तर तिचा अपराध सुटला असता. पण मग मी नऊ दिवस तिच्यासमोर बसून काय बघत होते, हेही सांगावं लागलं असतं. तिनं मला माफ केलं होतं ते भलत्याच गोष्टीसाठी. मी ती माफी घेतली आणि गप्प बसले. मला माझीच लाज वाटते ती या जागी.

निघताना तिनं माझा हात धरला. “डॉक्टरला इचारून ये. म्हनावं, आता पुन्हा पथ्य धरलं तं चालंल का? का उशीर झाला?”

परभणीला आल्यावर मी दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले. वर चढून काय विचारायचं होतं? रुग्ण बसतात त्या बाकाकडे पाहिलं आणि परत फिरले.

रविवारी बोरीला गेले तर मायच्या उशाशी वाटीत टमाट्याचं सार होतं. रात्रभर तोंड कडू पडलं म्हणून वहिनीनं विनवण्या करून दोन चमचे पाजले होते. माय ओठ चाटत होती. तिला ते आवडलं होतं, हे मला दारातूनच दिसलं. तिसरा चमचा वहिनीच्या हातात होता.

“इचारलंस?” मायनं मला विचारलं.

त्या वेळी मी खरं सांगू शकले असते. पण ती माझ्याकडे अशा आशेनं बघत होती की मला तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. मी म्हणाले, “विचारलं. म्हणाले, उशीर झालेला नाही. पथ्य नीट पाळलं तर उतार पडेल.”

मायनं एक मोठा श्वास सोडला. मग वहिनीचा हात अलगद बाजूला केला. “घिऊन जा ते सार. वास बी नको माझ्या उशाला. पोरीनं डॉक्टरला इचारून आणलंय.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही सगळं ठाऊक होतं. ती वाटी घेऊन आत गेली आणि मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर माय पाच दिवस होती. आंबटाचा थेंब तिनं घेतला नाही. शेवटी शेवटी दूधही भाकरी कुस्करूनच, वैद्यांनी सांगितलं होतं तसंच मागायची, आणि गिळता यायचं नाही. ती गेली त्या दिवशी भरलेल्या घरात बायका एकमेकींना सांगत होत्या, म्हातारी पथ्याला लय पक्की, मरतानासुदीक मोडलं न्हाई. एकीनं मला विचारलं, खरं नं बाई? मी हो म्हणाले.