तळाची ओळ

डब्लिनच्या त्या गल्लीत हेस्टर लॉलरला सगळे छापखानेवाली म्हणत. नवरा गेल्यावर छापखाना मुलाच्या, गिल्बर्टच्या नावावर झाला. छपाईच्या अक्षरांचे खिळे मात्र तीच जुळवायची.

एका सकाळी दाराशी एक निनावी हस्तलिखित पडलेलं होतं. कुणा खलाशाची सफर. त्यातल्या एका बेटावर मोठी माणसं गरिबांच्या खांद्यावर बसून हिंडत आणि वरून विचारत, ‘काय रे, तुमच्या पाठी अशा वाकड्या कशा?’ हेस्टर हसत हसत जुळवत गेली. असल्या पुस्तकावर छापणाऱ्यानं नाव घालायचं नसतं. पण गिल्बर्टच्या नावपत्त्याची जुळवलेली ओळ सुतळीनं बांधून कायम हाताशी ठेवलेली असे. सवयीनं तिनं ती पहिल्या पानाच्या तळाशी बसवली. त्याच ओळीवरून शिपाई दारात आले.

“मीच जुळवलं,” म्हणत गिल्बर्ट पुढे झाला.

कोठडीच्या गजाशी ती म्हणाली, “उद्या मी कोर्टात खरं सांगते.”

“सांग की! मला सोडणार नाहीत, शेजारची कोठडी तुला देतील. आई, जन्मात एकदा तरी गप्प बस.”

दुसऱ्या दिवशी कोर्टात ती खरं न सांगता मागे उभी राहिली.

“ही आयर्लंडच्या व्हाइसरॉयसाहेबांची निंदा आहे की नाही?” न्यायाधीशानं पंचांना विचारलं.

पंचांचा म्होरक्या मेणबत्तीवाला कॉर्ट. तो म्हणाला, “साहेब, यात नाव नाही कुणाचं. खांद्यावरचा तो कोण, ते आपणच सांगा. लगेच दोषी ठरवतो.”

सगळं कोर्ट खदखदून हसलं. न्यायाधीश लाल झाला. रिवाजाप्रमाणे निकाल होईतो अन्न नाही, शेकोटी नाही. बाराही पंचांना वरच्या खोलीत कोंडलं.

हेस्टर खिडकीखाली उभी राहिली. वर कुणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचत होतं. हसण्याचे लोटच्या लोट येत होते. तिला वाटलं, सुटला माझा पोरगा.

“अरे कॉर्ट, हा खांद्यावरचा तर तूच की!” कुणीतरी ओरडलं. “तुझ्या कारखान्यातल्या माणसांच्या पाठी बघ जरा!”

“आणि तू रे? तुझ्या घरातल्या मोलकरणीला विचारू का?” कॉर्ट उसळला.

हसणं थांबलं. पुस्तक धाडकन मिटल्याचा आवाज आला.

पंच बाहेर आले. “दोषी,” कॉर्ट म्हणाला. हेस्टरकडे त्यानं पाहिलं नाही.

घरी येऊन तिनं त्या ओळीची सुतळी सोडली, खिळे एकेक करून खणात टाकले. गिल्बर्टच्या नावाचे तेवढे टाकवेनात. ते मुठीत धरून ती बसून राहिली.