जपानी बंदुकीत पाचच गोळ्या

लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या फाट्यावर, मी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. गावातून मी आणि माझा लहानपणचा एक सोबती, असे दोघंच पलटणीत गेलो, तेही एकाच दिवशी. तो ब्रह्मदेशात लढला. माझा हात पान्यावर बरा चालतो असं कुणाला तरी दिसलं, म्हणून मला जबलपूरच्या डेपोत ठेवलं. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या रायफली खोलल्या, पुसल्या, जोडल्या.

संध्याकाळी शेतातल्या धानाच्या बांधीवरून परतताना तो माझ्याच दुकानापुढे बसायचा आणि माणसं जमायची. माझी बायको चहा घेऊन यायची, ती कपबशा रिकाम्या झाल्या तरी उभीच. डेपोच्या गोष्टी मी तिला एकदा सांगितल्या होत्या. तिनं पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

एके दिवशी तो म्हणाला, "जपान्याची बंदूक लय लांब. जाळ दिसे नाई, आवाज बारीक. एका दमात आठ गोळ्या सोडे."

"पाच," मी म्हणालो. "पाचच मावते तिच्यात. दहा आपल्या थ्री-नॉट-थ्रीत. पकडून आणलेली मी सोता खोलली हाये."

मग मी थांबलोच नाही. जपानी गोळी बारीक, आपली जाड; तिच्या बोल्टवर, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्यावर, पत्र्याचं झाकण, ते खडखडतं; आपला बोल्ट भराभर ओढता येतो. सगळं सांगितलं.

"पाच असन गड्या," तो म्हणाला. "मी मोजाले बसलो नोहतो. मी चिखलात पालथा होतो."

हशा पिकला. बायकोही पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या दिवशी तो भरदुपारी एकटाच आला. बराच वेळ चाक फिरवत बसला.

"तुले बंदुकीचं समजते म्हणून विचारतो. त्या चिखलात माह्या बाजूचा पोरगा बोल्ट ढकलून राह्यला होता, जायेच ना. तसाच मेला. काऊन अटकला असन?"

"मॅगझिन त्यानंच भरलं होतं?"

"नाई. त्याचे हात कापत होते. मी भरून देल्लं."

मला कारण कळलं. काडतुसाच्या बुडाला कडा असते. मॅगझिनच्या पेटीत घाईत भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे बसली, की बोल्ट अडतो. चूक भरणाऱ्याची, हेच डेपोत पहिल्या दिवशी शिकवायचे. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. आदल्या दिवशीचा हशा अजून कानात होता.

"चिखल," तरी मी म्हणालो. "चिखलानं अटकला असन."

"मलेही तेच वाटे." तो उठला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि गेला.

संध्याकाळी तो पुन्हा आला, माणसं जमली, बायको चहा घेऊन उभी राहिली. माझा हेवा तिळभर कमी झाला नव्हता. इतक्या वर्षांनी विचारावं असं काही त्याच्यापाशी होतं, याचाही मला हेवा वाटत होता.

खरं कारण मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ती त्याच्यासाठीच हळहळली असती.