दक्षिणेचं फाटक

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात जुन्या इमारतींचे नकाशे गठ्ठ्यांनी येतात. ते स्कॅन करायचे, कॉम्प्युटरवर पुन्हा रेखायचे, जागेवर जाऊन ताडून बघायचे आणि अग्निशमन दलाला द्यायचे. म्हणजे गाडी निघतानाच आतल्या माणसांना जिने, टाक्या, फाटकं सगळं स्क्रीनवर दिसतं. काम चांगलं आहे, पण माणसांवरचा विश्वास उडवणारं आहे. मंजूर नकाशात जिथे गॅलरी असते तिथे कुणाचं तरी स्वयंपाकघर निघतं. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सायकली, मोडका कूलर आणि गेल्या गणपतीचं मखर. विचारलं की ठरलेलं उत्तर, "मॅडम, ते टेम्पररी आहे." यातली काही टेम्पररी बांधकामं माझ्याहून वयाने मोठी आहेत.

मुलुंडचा गठ्ठा आला त्यात आमचीच सोसायटी होती. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी देतो. मी नको म्हटलं. ती भिंत परक्या माणसाने मोजलेली मला सहन झाली नसती.

नकाशात आमच्याकडे दोन फाटकं आहेत. एक पूर्वेला, बाजाराच्या गल्लीत, आणि दुसरं दक्षिणेला, मागच्या रुंद रस्त्यावर. दक्षिणेचं आता नाही. काही वर्षांपूर्वी एकाच वर्षात इमारतीतली दोन तरुण मुलं गेली. त्यातला एक तळमजल्यावरच्या काकूंचा, बाईकवरून. मग कुणीतरी वास्तुवाला आणला. तो होकायंत्र घेऊन आवारात फिरला आणि म्हणाला, दक्षिण ही यमाची दिशा, हे फाटक बुजवा. मीटिंगमध्ये सगळ्यांनी होकाराचे हात वर केले. बाबा तेव्हा चेअरमन होते. मी घरी भरपूर तोंड सोडलं, तर आई म्हणाली, "अगं, काकूंच्या मनाला तेवढंच बरं वाटेल. तुझं काय जातंय?"

भिंत उभी राहिली. बाबांना कुठलंच काम अर्धवट केलेलं चालत नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन ते तिच्यावर पाणी मारायचे, पक्की व्हावी म्हणून. बाहेरून लोकांनी थुंकू नये यासाठी सर्व धर्मांच्या देवांच्या टाइल्सही लावून झाल्या.

दोन वर्षांपूर्वी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीला आग लागली. बाबा बँकेत गेले होते, मी ऑफिसात. अग्निशमन दलाची गाडी मंजूर नकाशाप्रमाणे मागच्या रस्त्याने आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. ती वळून, बाजारातल्या हातगाड्या हटवत पुढे येईपर्यंत धूर आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. आई घरात एकटीच होती, त्यात दम्याची. त्या लोकांनी तिला खाली आणलं, पण ती गेली होती. त्यांच्यावर मी कधीच चिडू शकले नाही. त्यांच्या हातातला कागद खरा होता.

त्यानंतर बाबा भिंतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आता या नकाशासाठी मी टेप घेऊन आवारात उतरले तेव्हा ते न सांगता मागोमाग आले आणि टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. मोजून झाल्यावर म्हणाले, "मीटिंगला विषय काढतो मी. पाडून टाकूया."

रविवारी खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. बाबा उभे राहून सगळं बोलले, भिंत पाडूया म्हणाले. मला खात्री होती, या माणसाला आज कोण नाही म्हणणार? तेवढ्यात काकू उठल्या. आई गेली त्या आठवड्यात आमच्या घरची चूल त्यांनीच सांभाळली होती. त्यांनी हात जोडले.

"भावोजी, ता फाटक उघडा होता तेवा माझो झील गेलो. तुमका वाटता तर काढा भिंत. मी आडवी येवची नाय."

मला इतका राग आला, की ओरडून सांगावंसं वाटलं, काकू, यमाला फाटक लागत नाही हो, तो आमच्याकडे जिन्याने आला. शब्द ओठांवर होते. पण काकूंचे हात अजून जोडलेलेच होते आणि बाबांनी माझं मनगट दाबून धरलं होतं.

"राहू दे, वहिनी," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"भिंत काढलीस?"

"काढते."

"जाड काढ. लाल रंगात. गाडी नाक्यावर असतानाच त्यांना दिसली पाहिजे."

मी जाड लाल रेघ ओढली आणि तिच्यावर 'फाटक कायमचे बंद' असं लिहिलं. पुन्हा पुन्हा डोळे पुसावे लागत होते, रेघ नीट दिसत नव्हती. बाबांनी चष्मा लावून स्क्रीनकडे बघितलं.

"भिंत बांधली तेव्हा एक फोन करायचा होता गं त्यांना," ते म्हणाले. "इथून येऊ नका, एवढंच सांगायचं होतं."