स्वयंपाकघर नसलेली कॉटेज

आईच्या उजव्या खांद्याला सूज आली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "काही दिवस या हातानं पोळ्या नाहीत, भाकऱ्या नाहीत. नाहीतर खांदा कायमचा आखडेल." आईनं मान डोलावली. आईनं मान डोलावली की मी सावध होते. बाबा गेल्यावर ती नामपूरहून आमच्याकडे नाशिकला राहायला आली, तेव्हाही "आता मी नुसती बसून राहीन" म्हणत तिनं अशीच मान डोलावली होती. आठवड्याभरात आमचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं.

मी पोळ्यांना बाई लावली. आई त्यांच्या मागे उभी राहून कणकेकडे अशी काही बघायची की दोन-तीन दिवसांत त्यांनी गावी जायचं कारण काढलं आणि परत आल्याच नाहीत. मी चिडले, तर आई म्हणते, "मी कुठे काय बोलले?" आणि खरंच, ती एक अक्षर बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तर डब्यात पोळ्या तयार आणि आई खांदा चोळत बसलेली. मला रागही आला आणि भीतीही वाटली.

तेव्हा मी ठरवलं, हिला घराबाहेर काढायचं. नवऱ्याला अंबडच्या कारखान्यातून रजा मिळत होती. कुठेतरी खेड्याकडे, मोकळ्या हवेत, एखादी कॉटेज घेऊन राहायचं. अट एकच, तिथे स्वयंपाकघर नसावं.

ही अट किती अवघड आहे ते शोधायला लागल्यावर कळलं. हल्ली नाशिकच्या आसपास जिथे द्राक्षाची बाग, तिथे कॉटेज, आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत आधी 'सुसज्ज किचन', मग बाकीचं. मी फोनवर बघायला लागले की आई चष्मा लावून शेजारी येऊन बसायची. माणसं फोटोत डोंगर बघतात, तलाव बघतात. ही बोट ठेवून विचारायची, "गॅस दोन बर्नरचा आहे की तीनचा?" मी तो फोटो पुढे सरकवायचे आणि ती मागे आणायला लावायची.

शेवटी एका रविवारी प्रत्यक्षच बघायला निघालो. गंगापूर धरणाकडची पहिली कॉटेज देखणी होती, निळाशार पोहण्याचा तलाव वगैरे. आई तलावाकडे ढुंकूनही न बघता थेट आत गेली, सिलिंडर हलवून बघितला आणि बाहेर येऊन म्हणाली, "भरलेला आहे. हीच घे." मी म्हटलं, "पुढे चला." दुसरीच्या मालकानं सांगितलं की आमच्याकडे स्वयंपाकघराला कुलूप असतं, जेवण बाहेरून मागवतो. मी खूश झाले. तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यात शेकोटीसाठी मांडलेली चूल आईला दिसली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून नवरा गाडीत जाऊन बसला.

तिसरी हरसूलच्या बाजूला, गिरणाऱ्यावरून पुढे घाट चढून गेल्यावर. भात कापून झालेली खाचरं, समोर डोंगर, आणि एका शेतकरी कुटुंबानं आपल्या घराला लागून बांधलेल्या दोन खोल्या. खोल्यांत खाटा, पंखा, आरसा. ना ओटा, ना शेगडी. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, आवाज मात्र दुप्पट. "जेवान आमच्याकडंच. आम्ही खातो तेच," त्या म्हणाल्या. आईनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "अगं, सगळं त्यांनीच करायचं? आणि आपण काय करायचं?" मी तिथल्या तिथे खोल्या ठरवून टाकल्या.

निघायच्या दिवशी आईची पिशवी मला जड लागली. आत शेंगदाण्याची चटणी, शेव, लाडू, हे ठीक. कुठेही जाताना आमच्याकडे एवढं निघतंच. पण शालीखाली पोळपाट-लाटणं होतं, आणि त्याखाली टॉवेलात गुंडाळलेली इंडक्शनची शेगडी. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाली, "असू दे. रस्त्यात लागलं तर." रस्त्यात पोळ्या लाटायला आम्ही बैलगाडीनं काशीला निघालो नव्हतो. मी शेगडी घरीच ठेवली. लाटणं तिनं सोडलं नाही.

पोहोचलो आणि तासाभरात आई गायब. मालकीणबाईंच्या चुलीपाशी सापडली. त्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या थापत होत्या आणि आई पुढे सरकून त्यांच्या हातातला उंडा मागत होती. गडबडीत ती तिच्या अहिराणीवर येते. "माले येस ना भाकर! दे आठे." मी अडवेपर्यंत तिनं उंडा घेतलासुद्धा. पण आईचा सगळा जन्म बाजरीत गेलेला. नागलीच्या पिठानं तिला दाद दिली नाही. भाकरी कडेनं चिरली, उचलताना मधोमध दुभंगली आणि तिचा अर्धा भाग परातीत पडला. खांद्यातून कळ आली ती वेगळीच. तिनं ओठ दाबलेले मी बघितले.

मालकीणबाईंनी ते तुकडे शांतपणे पुन्हा पिठात मिसळले. "बाई, तुला नाय जमायची. आन् जमली तरी पावनीनं चुलीला हात नाय लावायचा. जा, पडवीत बस." एवढ्या स्पष्ट शब्दांत आईला आजवर कुणी स्वयंपाकघराबाहेर काढलं नव्हतं. मला वाटलं, आता ही रुसणार. रुसलीच. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणाली, आणि मग वालाच्या भाजीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मालकीणबाईंनी न विचारता ताटात टाकली, तीही गेली.

दुसरा दिवस तिनं उन्हात पाय पसरून काढला. मालकीणबाई येता-जाता तिच्याशी बोलत. त्यांची बोली हिला अर्धी कळे, हिची अहिराणी त्यांना अर्धी. तरी लेकी-सुनांचा विषय दोघींना पूर्ण कळत होता. संध्याकाळी मी आणि नवरा फिरून आलो, तर आई खांबाला टेकून बसलेली, उजवा हात मांडीवर स्वस्थ पडलेला. आमच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. आत तोंड करून तिनं खणखणीत हाक मारली, "बाई, च्या मांड ना थोडा!"

आतून "मांडला, मांडला" असं उत्तर आलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली. आणि खोटं कशाला बोलू, थोडी जळलेही. इतकी वर्षं माझ्या घरात राहून तिनं माझ्याकडे कधी कपभर चहा मागितला नाही. नेहमी तीच मला विचारत आली.

कप आला. आईनं बशीत ओतून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कमी शे," ती म्हणाली आणि साखर आणायला उठली नाही.